ऑनलाइन अमेरिकन फुटबॉलमध्ये तगडा बचावपटू कसा घडवायचा? कबड्डी कळत असेल तर निम्मं काम झालंच म्हणून समजा

नीरा-बारामती रस्त्यावरचं वडगाव निंबाळकर असो की आजूबाजूचं कुठलंही गाव, अमेरिकन फुटबॉल म्हटलं की बहुतेकांना हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणारी माणसं एवढंच आठवतं. पण कबड्डीत कोपऱ्यात कोण उभं राहतं, मध्यात कोण आणि का, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. अमेरिकन फुटबॉलच्या ऑनलाइन गेममध्ये बचावपटू घडवताना नेमकं हेच ज्ञान कामी येतं.

तसा हा खेळ महाराष्ट्राला अगदीच परका नाही. २०१२ मध्ये 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' सुरू झाली, तेव्हा 'पुणे मराठाज' नावाचा संघ त्यात होता आणि पहिलं विजेतेपदही त्यानेच पटकावलं.

हा गेम नेमका असतो काय?

'मॅडन'सारख्या गेममध्ये बटणं दाबून खेळाडू पळवता येतो. 'गोल लाइन ब्लिट्झ'सारख्या सिम्युलेशन गेमची गोष्ट वेगळी आहे. तिथं प्रत्येक जण आपला एक खेळाडू तयार करतो, तो एखाद्या संघात जातो आणि सामना कॉम्प्युटर खेळवतो. सामना सुरू झाला की मालकाच्या हातात काहीच नसतं. जे करायचं ते आधीच करून ठेवायचं.

खेळ थोडक्यात असा. दोन्हीकडे ११-११ खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढं सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे जातो. बचावपटूचं काम म्हणजे हे १० यार्ड होऊ न देणं.

आधी जागा ठरवा, मग पॉइंट वाटा

खेळाडूला ताकद, वेग, चपळाई, उडी, दमसास, नजर, पकड अशा गुणांसाठी पॉइंट मिळतात. नवखा माणूस सगळीकडे थोडे थोडे पॉइंट टाकतो. दिसायला खेळाडू संतुलित दिसतो, पण मैदानात तो कुठल्याच कामाचा राहत नाही. कारण प्रत्येक झुंजीत कॉम्प्युटर त्या झुंजीपुरतेच गुण बघतो. पळायची शर्यत असेल तर तिथं ताकदीचे पॉइंट पडून राहतात.

म्हणून जागेप्रमाणे गरज ओळखावी लागते.

• पुढची फळी: समोरच्या धिप्पाड खेळाडूंना रेटणारे. मधल्याला ताकद आणि वजन हवं. कडेच्याला ताकदीसोबत वेगही लागतो, कारण त्याला वळसा घालून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचायचं असतं.

• लाइनबॅकर: फळीच्या मागचा पहारेकरी. पकड आणि नजर महत्त्वाची. चेंडू कुणाकडे गेला हे उशिरा कळलं की सगळंच फसतं.

• कॉर्नरबॅक: पास झेलायला पळणाऱ्याच्या मागे सावलीसारखा राहणारा. वेग, चपळाई आणि उडी.

• सेफ्टी: सगळ्यात मागचा. तो चुकला की बहुतेक वेळा गुण गेलाच. नजर आणि वेग आधी, मग पकड.

वजन आणि उंचीचा निर्णयही लवकर घ्यावा लागतो, कारण बऱ्याच गेममध्ये तो नंतर बदलता येत नाही. उसाची ट्रॉली ओढायला ट्रॅक्टरच लागतो, तिथं रेसिंग बाइक चालत नाही. आणि ट्रॅक्टर शर्यतीत उतरवूनही उपयोग नसतो.

मग एकाच गुणात सगळे पॉइंट टाकायचे का?

नाही. गुण जसजसा वाढतो तसतसा पुढचा पॉइंट महाग होतो. समजा, वेग ४० वरून ४१ करायला १ पॉइंट लागला, तर ७० वरून ७१ करायला ३ लागू शकतात. आकडे गेमनुसार बदलतात, पण हिशेब हाच. त्यामुळे कामाचे दोन-तीन गुण उंच न्यायचे, त्यांना पूरक गुण महागाई सुरू होईपर्यंत वाढवायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे.

हे सोडून देणंच अवघड जातं. खर्च झालेले पॉइंट सहसा परत मिळत नाहीत, आणि चूक लक्षात येईपर्यंत अनेक आठवड्यांची मेहनत गेलेली असते. शिवाय नुकसान एकट्याचं नसतं, उरलेल्या दहा जणांनी आपापले खेळाडू त्याच्या भरवशावर घडवलेले असतात.

कबड्डीचा धडा इथंच लागू होतो

२०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. डाव्या कोपऱ्यातल्या या खेळाडूने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले. १ मार्च २०२४ ला पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली. पण कोपरारक्षकाने पाय धरला आणि मध्यरक्षक धावून आला नाही, तर चढाईपटू रेषेपर्यंत ओढत जातोच. एकाची पकड दुसऱ्याच्या साथीवर उभी असते.

फुटबॉलमध्येही तसंच. संघ माणसामागे माणूस लावून बचाव करत असेल, तर कॉर्नरबॅकला वेग जास्त हवा. प्रत्येकाला मैदानाचा एक भाग वाटून दिला असेल, तर नजर जास्त हवी. एकाच जागेवरचे दोन चांगले खेळाडू म्हणूनच वेगवेगळे घडवलेले असू शकतात.

खेळाडू चांगला झाला हे ओळखायचं कसं?

फक्त पकडींचा आकडा बघून फसायला होतं. कॉर्नरबॅक खरंच चांगला असेल, तर क्वार्टरबॅक त्याच्या दिशेने पासच टाकत नाही, मग पकडी कमीच दिसणार. उलट ज्याच्यासमोर सारखे पास झेलले जातात त्याच्या नावावर भरपूर पकडी जमा होतात. म्हणून सामन्याचा रिप्ले बघावा लागतो. शिवाय प्रत्येक झुंजीत नशिबाचाही थोडा वाटा असतो. चांगल्या गुणांमुळे जिंकण्याची शक्यता वाढते, खात्री मिळत नाही. त्यामुळे एका सामन्यावरून निकाल लावायचा नाही.

यात पैसे लागतात का?

काही गेम जास्तीच्या सोयींसाठी पैसे घेतात. पण पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन गेम वेगळे. त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने बंदी आहे. कुणी खेळाडू घडवण्याच्या नावाखाली पैज लावायला सांगत असेल, तर लांब राहिलेलंच बरं.

बाकी सुरुवात सोपी आहे. पहिला पॉइंट खर्च करण्याआधी संघाच्या कॅप्टनला एकच प्रश्न विचारायचा: भगदाड कुठं आहे? ते कळलं की कुठले गुण वाढवायचे हे आपोआप ठरतं.