खोडरबर, चौथं पान आणि परफेक्शनिझम मोजायचा कसा

'तुमचा एखादा दोष सांगा' असं मुलाखतीत विचारलं की बरीच मंडळी तयार उत्तर देतात: मी जरा परफेक्शनिस्ट आहे. दोष सांगायचा आणि त्यातच स्वतःचं कौतुकही उरकून घ्यायचं! पीएचडीच्या मुलाखतीत हे उत्तर शक्यतो टाळा. समोर मानसशास्त्राचं कुणी बसलं असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला, 'कोणत्या अर्थानं परफेक्शनिस्ट?' आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. नेट-सेटसाठी आपण 'कार्यात्मक व्याख्या' पाठ करतो, पण ती कशाला लागते ते इथं चांगलं कळतं.

उदाहरण घरातलंच घेते. माझा मावसभाऊ इंदिरानगरला राहतो, अंबड एमआयडीसीत ड्रॉइंग सेक्शनला नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात कॉमिक काढतो. रोज सकाळी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालायला कमी आणि बाकावर बसून स्केचिंग करायला जास्त जातो. चालणारे आजोबा, कट्ट्यावरच्या आज्या, कुत्री, चपलांचे ढीग, सगळं त्याच्या वहीत आहे. सुट्टीच्या दिवशी पांडवलेणीच्या पायऱ्या. स्केचबुकं भरून कपाट भरलंय. पण ट्रॅकवरच्या आजोबांवरचं दहा पानांचं कॉमिक दोन वर्षं चौथ्या पानावर अडकून आहे. त्या पानावर आजोबांच्या हातात कटिंगचा ग्लास आहे आणि तो हात दादाला पसंत पडत नाही. पुन्हा काढतो, खोडतो, कागद फाटेपर्यंत खोडतो. मी एकदा म्हटलं, "दादा, हात चांगलाच आलाय की." त्यावर उत्तर, "तुला चांगला वाटतो गं, पण चित्र काढणाऱ्याला लगेच दिसतं."

आता संशोधक म्हणून बघा. या एका माणसात परफेक्शनिझम नेमका कुठं आहे? रोज पहाटे उठून स्केच करण्यात आहे, की चौथं पान सोडून पुढं न जाण्यात? की त्या 'चित्र काढणाऱ्याला लगेच दिसतं' या वाक्यात?

१९९० साली रँडी फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी ३५ विधानांची प्रश्नावली मांडली, तेव्हा त्यांनी या एका शब्दाचे सहा तुकडे केले: चुकांची धास्ती, स्वतःसाठीचे उंच निकष, आईवडिलांच्या अपेक्षा, आईवडिलांची टीका, आपण केलं ते बरोबर झालं का ही शंका, आणि टापटीप. पुढच्याच वर्षी पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी वेगळी चिरफाड केली. आपण स्वतःकडून अचूकतेची मागणी करतो, दुसऱ्यांकडून करतो, आणि 'लोक माझ्याकडून अचूकतेची मागणी करतात' असं आपल्याला वाटतं. यातला तिसरा प्रकार नीट लक्षात ठेवा. तिथं लोक खरंच काही मागत असतील असं नाही, आपल्याला तसं वाटणं मोजलं जातं.

नंतरच्या अभ्यासकांनी हे सगळे तुकडे ढोबळमानाने दोन गठ्ठ्यांत बांधले. एकात उंच निकष आणि त्यासाठीची धडपड, दुसऱ्यात चुकांची भीती, शंका, लोक काय म्हणतील. हे दोन्ही गठ्ठे एकाच माणसात एकत्र सापडू शकतात, पण चिंता आणि नैराश्याशी जास्त ठळक सहसंबंध दुसऱ्याचा दिसतो. म्हणजे दादाचं पहाटे उठणं पहिल्या गठ्ठ्यात जातं आणि चौथं पान दुसऱ्या. दोन्हींची बेरीज करून एकच गुण दिला तर 'मेहनती' आणि 'अडकलेला' यांची खिचडी होईल. प्रश्नावली निवडताना एकूण गुण घ्यायचे की उपमापनीचे, हा प्रश्न गाईडनं विचारायच्या आधी आपणच विचारलेला बरा.

थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांच्या २०१९ साली छापून आलेल्या मेटा-विश्लेषणाचं नाव तुम्हाला वाचनात वारंवार भेटेल. १९८९ ते २०१६ या काळातल्या चाळीस हजारांहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांचे गुण त्यांनी एकत्र केले. ह्युइट-फ्लेटचे तिन्ही प्रकार काळाबरोबर वाढलेले दिसले, आणि सगळ्यात जास्त वाढला 'लोक माझ्याकडून मागतात' हा प्रकार. फक्त सिनॉप्सिसमध्ये 'आजच्या तरुणांत परफेक्शनिझम वाढत आहे' असं सरसकट लिहू नका. हे विद्यार्थी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधले होते. त्यात नाशिकचं कुणी नाही. भावकीतले काका, क्लासचे सर आणि इन्स्टाग्राम मिळून आपल्याकडं तो दबाव कसा तयार होतो, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

आता हाताबद्दल. दादाची खात्री आहे की त्याचा हात कच्चा आहे म्हणून ग्लास धरलेला हात जमत नाही. डेल कोहेन आणि सुझन बेनेट यांनी १९९७ मध्ये हाच प्रश्न घेतला: बहुतेकांना जे दिसतं ते काढता का येत नाही? हाताचं कौशल्य, काय काढायचं-काय वगळायचं याचे निर्णय, स्वतःचं चित्र पाहताना होणारी चूक, आणि समोरची वस्तूच चुकीची पाहणं, अशा शक्यता त्यांनी एकेक करून तपासल्या. मुख्य दोषी ठरलं ते वस्तू चुकीची पाहणं. हात बराचसा निर्दोष सुटला. कोहेनच्याच २००५ च्या अभ्यासात, जे वस्तूकडं वारंवार नजर टाकतात त्यांची चित्रं जास्त अचूक आढळली. दादा चौथ्या पानावर काय करतो? समोर ना ग्लास असतो ना हात. तो तासभर कागदाकडं आणि खोडरबराकडं बघत असतो. (हे मी त्याला सांगितलं. "बघू," म्हणाला.)

आणि कॉमिकची गंमत अशी की तिथं एक चित्र अचूक येऊन भागत नाही. तेच आजोबा साठ चौकटींत ओळखू यायला हवेत. पहिल्या चौकटीत तुम्ही चेहऱ्यावर चार तास घालवलेत तर उरलेल्या एकोणसाठ चौकटी त्या चेहऱ्याचं देणं फेडत बसतात. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' २१ नोव्हेंबर १९९१ पासून 'सकाळ'मध्ये रोज यायला लागला. रोज छापायचं म्हटल्यावर रेषा किती आणि कोणती ठेवायची हे डेडलाईनही ठरवते. वसंत सरवटे पेशानं इंजिनिअर, एसीसीत नोकरी करून त्यांनी व्यंगचित्रं काढली. आर. के. लक्ष्मण यांना जे. जे. स्कूलनं प्रवेश नाकारला होता, आणि कावळे तर ते आयुष्यभर काढत राहिले. दादाला ही तिन्ही उदाहरणं तोंडपाठ आहेत, त्यानं काही त्याचं चौथं पान हललं नाही. प्रेरणादायी गोष्टींवर माझा विश्वास कमी आहे तो यामुळेच.

अशीच एक गोष्ट संशोधनाचा वेष घालून फिरते. कुंभारकामाच्या वर्गात निम्म्यांना 'वजनावर गुण' आणि निम्म्यांना 'एकाच उत्तम भांड्यावर गुण' असं सांगितलं, आणि उत्तम भांडी निघाली ती वजनवाल्यांकडून. ही गोष्ट डेव्हिड बेल्स आणि टेड ऑरलंड यांच्या १९९३ च्या पुस्तकातली. मागून जेम्स क्लिअर यांनी तीच जेरी युल्समन यांच्या फोटोग्राफीच्या वर्गातली म्हणून सांगितली. नमुना किती, गट कसे पाडले, उत्तम कोणी ठरवलं, काहीच माहीत नाही. वर्गात सांगायला छान आहे. प्रबंधात 'एका अभ्यासानुसार' म्हणून घातलीत तर परीक्षक तिथंच पेन्सिल टेकवतील.

मग खरोखर तपासायचं तर? एकाच माणसावर अभ्यास करता येतो, त्याला एकल-प्रयुक्त अभिकल्प म्हणतात. त्यातली नेहमीची पद्धत म्हणजे आधी आधाररेषा, मग उपाय, मग उपाय काढून घ्या, मग परत द्या. इथं ती चालणार नाही, कारण शिकलेलं काढून घेता येत नाही. म्हणून बहुआधाररेषा वापरायची. समजा उपाय असा: सरावाच्या वहीत फक्त पेन, खोडरबर नाही, एका स्केचला दोन मिनिटं, आणि वस्तू समोर हवीच. हा नियम आधी फक्त चेहऱ्यांना लावायचा, दोन आठवड्यांनी हातांना, आणखी दोन आठवड्यांनी वाहनांना. नियम लागल्यावरच त्या-त्या गोष्टीत बदल दिसला तर श्रेय नियमाला देता येईल. चेहऱ्यांना नियम लावल्यावर हातही सुधारले, तर एक तर सराव तिकडं झिरपला किंवा मधे भलतंच काही घडलं, उदाहरणार्थ कंपनीला गणपतीची सुट्टी लागली.

मोजायचं काय, इथं सगळ्यात मोठा खड्डा आहे. 'पूर्ण झालेली स्केचेस' मोजलीत तर नियमामुळे आकडा आपोआपच वाढणार, कारण दोन मिनिटांनी स्केच संपलं असं नियमच म्हणतो. तो परिणाम नाही, व्याख्येतली चलाखी आहे. म्हणून सराव वहीत करायचा आणि मोजायचं कॉमिकच्या पानावर: एक चौकट पक्की होईपर्यंत किती वेळा नव्यानं काढली गेली. पक्क्या चौकटींचा दर्जा चित्रकला जाणणाऱ्या तिऱ्हाईताकडून ठरवून घ्यायचा, आणि कोणती आधीची, कोणती नंतरची हे त्याला कळू द्यायचं नाही. मी तिऱ्हाईत होऊ शकत नाही. मावसबहीण आहे, आणि मला तर पहिलाच हात चांगला वाटला होता.

सुदैवानं दादा रद्द केलेला कागद फेकत नाही. तारीख घालून फाईलला लावतो, ड्रॉइंग सेक्शनची सवय. म्हणजे दोन वर्षांची आधाररेषा कपाटात आयती पडून आहे. त्याच्या संमतीनं सध्या ती मोजतेय. चेहरे आणि वाहनं मोजून झाली, हातांची फाईल सगळ्यात जाड आहे.