सीएनसीसाठी कटिंगची फाईल बनवताय? आधी बिटची जाडी विचारा



लाकडी नेमप्लेट, जाळी, देवघराची कमान असली कामं घ्यायला पहिल्याच दिवशी सीएनसी राउटर विकत घ्यायची गरज नाही. डिझाईन तुम्ही करा, कटिंग जॉबवर्कने करून घ्या. सुरुवातीला मी तरी हेच सांगेन. पण यात एक गोम आहे. बरेच ऑपरेटर फाईल आली तशी मशीनला लावतात. फाईल चुकली तर वाया गेलेली शीट तुमची, आणि ग्राहकाला दिलेली तारीखसुद्धा तुमचीच.

स्क्रीनवरच्या रेषेला जाडी नसते, बिटला असते. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. समजा, पाटी 300 मिमी लांब आहे आणि 6 मिमीचा बिट बरोबर रेषेवरून फिरला. दोन्ही टोकांना तो 3-3 मिमी खाणार, म्हणजे हातात येणार 294 ची पाटी. उलट 100 मिमीचं भोक 106 चं होईल. म्हणून बाहेरचा आकार रेषेच्या बाहेरून कापायचा आणि भोक रेषेच्या आतून. हे टूलपाथ बनवताना ठरतं आणि ते काम बहुधा ऑपरेटरच करतो. तुम्ही फाईलमध्ये खरं मापच ठेवा, "बिटसाठी" म्हणून आकार वाढवू नका, नाहीतर तीच भर दोनदा पडेल. बाहेरच्या रेषा एका रंगात, भोकं दुसऱ्या रंगात दिली की त्याला विचारत बसावं लागत नाही.

दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. गोल बिट आतला कोपरा काटकोनात कापूच शकत नाही. 6 मिमीच्या बिटने तिथे 3 मिमी त्रिज्येची गोलाई राहणारच. जाळीत ती दिसायला छानच दिसते. पण खाचेत फळी बसवायची असेल तर फळीचा चौकोनी कोपरा त्या गोलाईला अडतो. त्यासाठी खाचेच्या कोपऱ्यात बिटपेक्षा किंचित मोठं गोल भोक जोडतात, त्याला डॉगबोन म्हणतात. आणि खाचेची रुंदी व्हर्नियरने फळी मोजूनच ठरवा. 18 चा म्हणून घेतलेला प्लाय बऱ्याचदा तेवढा भरत नाही.

आता आपल्या अक्षरांकडे येऊ, कारण इंग्रजी व्हिडिओ बघून शिकलेली मुलं इथेच अडकतात. टाईप केलेल्या मराठी शब्दात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते, फक्त एकमेकांवर चढलेली. डोळ्यांना शब्द अखंड दिसतो, पण मशीनला त्या चढलेल्या रेषाही दिसतात आणि ते शिरोरेषेतच कापत सुटतं. म्हणून आधी अक्षरांचे कर्व्ह करा (ऑपरेटरकडे तुमचा फाँट नसला तरी मग बिघडत नाही) आणि नंतर सगळं वेल्ड करा. इंकस्केप फुकट मिळतं, त्यात याला युनियन म्हणतात. वेल्ड झालं की शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकच तुकडा होतो. ही सोय इंग्रजीत कुठे आहे!

पण "आनंद" मधला अनुस्वार? तो सुटाच राहतो. त्याला खाली ओढून शिरोरेषेला चिकटवा, नाहीतर मागे पाटी द्या.

अक्षरं आरपार कापून मागून लाईट सोडायची असेल तर भानगड उलटी होते. "शिवकृपा" घ्या. "व" च्या पोटातला तुकडा कशालाच धरलेला नाही, तो खाली पडणार. "प" चंही तेच, "क" चंही तेच. अशा प्रत्येक पोटाला दोन ठिकाणी पूल ठेवावे लागतात. एमडीएफमध्ये पूल फार बारीक ठेवू नका, हात लागला की तुटतो. आणि अक्षराच्या आतली कुठलीही जागा बिटपेक्षा अरुंद असेल तर ती कापलीच जाणार नाही. 3 मिमीचा बिट मागता येतो, पण तो हळू चालवावा लागतो आणि मशीनचा वेळ वाढतो. भाव सांगायच्या आधी हे बघा.

फाईल पाठवण्याआधी बाकीचं पटकन तपासा. उघड्या राहिलेल्या रेषा जोडा, कारण उघड्या आकाराला आत-बाहेर नसतं. एकावर एक पडलेली डबल रेषा काढा. फोटोवरून ट्रेस केलं असेल तर शेकडो नोड येतात, ते कमी करा, नाहीतर कडा खडबडीत येते. दोन तुकड्यांमध्ये बिटच्या जाडीपेक्षा जास्त अंतर सोडा. लहान तुकडे कापताना उडू नयेत म्हणून टॅब ठेवायला सांगा. नंतर पटाशीने तोडून पॉलिशपेपर मारला की झालं.

डीएक्सएफ फाईल मिमीमध्ये काढलेली असते आणि समोर ती इंचात उघडली की सगळं 25.4 पट होतं. त्यासाठी डिझाईनच्या बाजूला 100 मिमीचा एक चौकोन काढून ठेवा आणि ऑपरेटरला फोनवर एवढंच विचारा, "दादा, तो चौकोन तुमच्याकडे किती दाखवतोय?" 100 म्हणाला तरच शीट चढवू द्या.