‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणजे नेमकं काय? ऑपरेशनआधी आणि नंतर काय काळजी घ्यायची?

रात्री तोंड उघडं टाकून झोपणं, एक नाकपुडी कायम बंद, सर्दी झाली की पंधरा दिवस मुक्काम. ही लक्षणं सांगितली की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, “नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करावं लागेल.” आणि दुसरं कुणीतरी तितक्याच खात्रीने सांगतं, “करू नको, ते परत वाढतं.”

या दोन्ही वाक्यांत थोडं खरं आहे आणि बरंचसं चुकीचं. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात तर ऑपरेशन कधी करायचं आणि नंतर कुठे राहायचं, यालाही महत्त्व आहे.

हाड वाढतं की वाकतं?

दोन नाकपुड्यांच्या मधे एक पडदा असतो. त्याचा पुढचा भाग कूर्चेचा, म्हणजे लवचिक, आणि मागचा भाग हाडाचा. हा पडदा सरळ नसून एका बाजूला झुकलेला असेल, तर त्या बाजूची हवेची वाट अरुंद होते. म्हणजे बहुतेक वेळा हाड ‘वाढलेलं’ नसतं, पडदा वाकडा असतो. रिपोर्टवर ‘डीएनएस’ लिहिलेलं असतं ते हेच.

थोडाफार वाकडेपणा खूप लोकांच्या नाकात असतो आणि त्यांना काहीच त्रास होत नाही. त्यामुळे केवळ सीटी स्कॅनमध्ये पडदा वाकडा दिसला, म्हणून ऑपरेशन करायचं नसतं. श्वास घ्यायला सतत त्रास, वारंवार सायनसचा संसर्ग किंवा नाकातून पुन्हा पुन्हा रक्त येणं अशा तक्रारी असतील, नाकातला स्प्रे आणि ॲलर्जीची औषधं घेऊनही फरक पडत नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ ‘सेप्टोप्लास्टी’ सुचवतात.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

बहुधा पूर्ण भूल दिली जाते. नाकाच्या आतूनच छेद घेतात, पडद्यावरचं नाजूक आवरण बाजूला करतात, वाकडी कूर्चा आणि हाड सरळ करतात किंवा गरजेपुरता भाग काढतात आणि आवरण परत जागेवर बसवतात. चेहऱ्यावर व्रण राहत नाही. साधारण तासाभराचं काम असतं.

नाकाचा बाहेरचा आकार सहसा बदलत नाही. त्यासाठीची शस्त्रक्रिया वेगळी, तिला ऱ्हायनोप्लास्टी म्हणतात. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ साली पुण्यातल्या ज्या नाकाच्या ऑपरेशनची चित्रासह माहिती छापली, ते या दुसऱ्या प्रकारचं. कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून पुन्हा बनवण्याचं.

तारीख ठरवताना

ऑपरेशननंतर साधारण आठवडाभर घरी विश्रांती आणि दोन ते तीन आठवडे जड काम बंद, असा हिशेब धरावा लागतो. वाकून काम करणं, ओझं उचलणं, झाडावर चढणं, या सगळ्याने डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो.

म्हणून आंबा बागायतदाराने एप्रिल-मे टाळलेला बरा. मासेमारी करणाऱ्यांना पावसाळ्यातल्या बंदीचे जून-जुलै हे महिने सोयीचे. शिमग्याच्या तोंडावर तारीख घेतली, तर पालखीतला गुलाल आणि धूळ ताज्या जखमेवर जाणार. पावसात भिंतींना येणाऱ्या बुरशीची ॲलर्जी असेल, तर तेही डॉक्टरांना आधी सांगावं.

दुसरा मुद्दा अंतराचा. काही जण रत्नागिरी शहरात ऑपरेशन करतात, काही डेरवणला, तर काही आंबा घाट ओलांडून कोल्हापूरला किंवा थेट मुंबईला जातात. रक्तस्रावाचा धोका पहिल्या चोवीस तासांत जास्त असतो, पण दुसऱ्या आठवड्यापर्यंतही तो होऊ शकतो. त्यामुळे घरी कधी निघायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं आणि रात्री-अपरात्री जवळ कुठे जायचं, ते आधीच ठरवून ठेवावं.

आरोग्य विमा असेल, तर पॉलिसी वाचून घ्यावी. अनेक पॉलिसींमध्ये या ऑपरेशनसाठी दोन वर्षांचा प्रतीक्षा कालावधी असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्च मिळेल का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधीच विचारावं.

आधीची तयारी

• औषधांची पूर्ण यादी द्या. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काही वेदनाशामक आणि काही आयुर्वेदिक औषधांनी रक्तस्राव वाढू शकतो. पण हृदयात स्टेंट असेल, तर अशी गोळी स्वतःहून अजिबात बंद करू नका.
• बिडी-सिगारेट, मिश्री, तपकीर थांबवा. जखम भरायला तंबाखूमुळे उशीर होतो.
• उपाशी राहण्याची वेळ पाळा. साधारणपणे सहा ते आठ तास आधी जेवण बंद आणि दोन तास आधी पाणीही बंद. पोट भरलेलं असताना भूल दिली, तर अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.
• ताप किंवा ताजी सर्दी असेल, तर कळवा. तारीख पुढे ढकलावी लागू शकते.

नंतरचे दिवस

शुद्धीवर आल्यावर नाकात बोळे असू शकतात. श्वास तोंडाने घ्यावा लागतो, घसा कोरडा पडतो, गिळताना कानात दडे बसतात. हे बोळे बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत काढतात. पडद्याला आधार म्हणून आत पातळ पट्ट्या ठेवल्या असतील, तर त्या आठवडाभरात निघतात.

या काळात नाक आधीपेक्षा जास्त चोंदलेलं वाटतं आणि अनेकांना ऑपरेशन फसलं अशी शंका येते. पण ही आतली सूज असते. ती उतरून श्वास मोकळा वाटायला काही आठवडे लागतात, पूर्ण भरून यायला काही महिने.

• दोन उशा घेऊन, डोकं उंच ठेवून झोपा.
• नाक शिंकरू नका. शिंक आलीच, तर तोंड उघडं ठेवून शिंका.
• पहिले काही दिवस पेज, मऊ भात, कोमट पातळ पदार्थ घ्या. खूप गरम जेवण, कढत पाण्याची आंघोळ, चुलीचा धूर टाळा.
• मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं असेल, तर पाणी उकळून गार केलेलंच हवं. विहिरीचं किंवा नळाचं पाणी थेट वापरू नका.
• तूप, तेल किंवा काढ्याचे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाकात नकोत.

थांबू नका, दवाखान्यात जा

पहिले काही दिवस थोडं लालसर पाणी येणं नेहमीचं आहे. रक्त वाहू लागलं, तर बसून पुढे झुका, तोंडात आलेलं रक्त थुंका, नाकाच्या वरच्या भागावर बर्फ ठेवा. डोकं मागे टाकू नका आणि कांदा हुंगवू नका, शिंक आली तर रक्त वाढेल. दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, तर थेट रुग्णालय गाठा.

ताप, वाढत जाणारं दुखणं, दोन्ही नाकपुड्या अचानक पूर्ण बंद होणं, नजरेत फरक, मान आखडून तीव्र डोकेदुखी किंवा एका नाकपुडीतून सतत पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही झालं तरी त्याच दिवशी दाखवा. पडद्याच्या आवरणाखाली रक्त साकळलं आणि ते वेळेत काढलं नाही, तर कूर्चा खराब होऊन पडद्याला भोक पडू शकतं किंवा नाक मधेच बसू शकतं.

मग हाड ‘परत वाढतं’ का?

सरळ केलेला पडदा पुन्हा उगवत नाही. क्वचित कूर्चा थोडी मूळ वळणावर जाते आणि पुन्हा ऑपरेशन लागतं. पण त्रास परतण्याचं नेहमीचं कारण ॲलर्जी असतं. ऑपरेशनने हवेची वाट रुंद होते, ॲलर्जी जात नाही. नाकाच्या आतलं अस्तर सुजत राहिलं, तर वाट पुन्हा चोंदते. म्हणून ॲलर्जी असेल, तर ऑपरेशननंतरही डॉक्टरांनी दिलेला स्प्रे चालू ठेवावा लागतो. तो मनाने बंद करायचा नाही.