एका भांड्याभोवती

आमच्या घरी दस्तरखानावर सगळे एकाच थाळ्यातून जेवत. शाळेतल्या एका मित्राच्या घरी मात्र माझा कप वेगळा, खिडकीत ठेवलेला असे. म्हणूनच २००७ साली बीजिंगमध्ये यजमान म्हणाले, ‘आज सगळे एकाच भांड्यातून जेवू,’ तेव्हा मी अवघडलो. त्या भांड्यात काय काय पडणार? आणि विचारायचं तरी कसं?

हॉटेलच्या दारावर अरबी अक्षरं दिसली आणि जीव भांड्यात पडला. शेजारी चिनी शब्द होता : छिंग-चन. शब्दशः अर्थ शुद्ध आणि सत्य. चीनमध्ये हलाल जेवणाची ही खूण.

पदार्थाचं नाव श्वान यांग-रौ. दचकू नका! चिनी भाषेत ‘श्वान’ म्हणजे पाण्यात हिसळणं आणि ‘यांग-रौ’ म्हणजे मेंढीचं मटण. बीजिंगच्या कडाक्याच्या थंडीतलं हे लाडकं जेवण. तिथलं प्रसिद्ध तुंग-लाय-शुन हॉटेल १९०३ साली एका हुई मुसलमानानं टाकलेल्या टपरीतून वाढलं.

टेबलावर मधोमध तांब्याचं भांडं. त्याच्या पोटात धुराडं, त्यात पेटते कोळसे आणि भोवती उकळतं पाणी. पाण्यात मसाला नाही. आलं आणि कांद्याची पात, एवढंच. मटणाचे कागदासारखे पातळ काप चॉपस्टिक्सनं त्यात हलवायचे, लाली गेली की काढून तिळाच्या चटणीत बुडवायचे. सोबत गोडसर मुरवलेला लसूण. सगळं एकदम टाकलं तर पाणी निवतं आणि मटण नीट शिजत नाही. कच्च्या मटणाच्या काड्या वेगळ्या ठेवाव्यात, खायच्या वेगळ्या. शेवटी चिनी कोबी, टोफू, शेवया. तोवर पाण्याचं सूप झालेलं असतं.

आमच्यात मुसलमान मी एकटाच होतो. तरी माझं ताट वेगळं नव्हतं. भांडं एकच असेल, तर सगळ्यांना चालेल तेच त्यात पडायला हवं. त्यात कुणाला उपकार केल्यासारखंही वाटत नव्हतं. बीजिंगकरांना हे जेवण मनापासून आवडतं.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या शाकाहारी कुटुंबाला आम्ही असंच जेवायला बोलावलं. विजेच्या शेगडीवर नवं कोरं पातेलं, त्यात पाणी आणि आलं. भोवती कोबी, फ्लॉवर, पनीर, शेवया. मटण त्या दिवशी घरात आणलंच नाही. त्यांचे माळकरी आजोबा आधी लांब खुर्चीतच बसून होते. थोड्या वेळानं उठले, म्हणाले, “सरका जरा,” आणि पनीरचा तुकडा त्यांनी आपल्या हातानं पातेल्यात सोडला.