निवृत्तीनंतर घर कुठे घ्यावे? गाव, कोकण की पुणे-नाशिक?

साठी जवळ आली की मुंबई-ठाण्यातल्या अनेक घरांत एक विषय हमखास निघतो : आता इथे राहायचे कशासाठी? लोकलची धावपळ संपलेली असते. मुले पुण्यात, बंगळूरुत किंवा परदेशात स्थिरावलेली असतात आणि दोघांच्याही तब्येती ठणठणीत असतात. फ्लॅट विकला तर मोठी रक्कम हाती येईल, त्यातून कोकणात टुमदार घर किंवा नाशिकला प्रशस्त फ्लॅट घेता येईल आणि उरलेल्या पैशांच्या व्याजावर निवांत राहता येईल, असा हिशेब मांडला जातो. हिशेब चुकीचा नसतो, पण अपुरा असतो. सात-आठ वर्षांनी परत शहरात यायची वेळ आली, तर विकलेल्या घरासारखे घर पुन्हा घेणे अनेकदा आवाक्याबाहेर गेलेले असते. म्हणूनच या निर्णयाआधी काय तपासावे, हे पाहणे गरजेचे ठरते.

साठीतले घर आणि पंचाहत्तरीतले घर वेगळे का?

निवृत्तीचा काळ वीस-पंचवीस वर्षांचा असू शकतो आणि तो सगळा सारखा नसतो. पहिली दहा-बारा वर्षे फिरण्याची, बागकामाची, स्वतः गाडी चालवण्याची असतात. त्यानंतर रात्रीचे ड्रायव्हिंग नकोसे होते, जिने जड जातात, दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात. शिवाय दोघांपैकी एक जण आधी जातो. भारतात स्त्रियांचे सरासरी आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त आहे आणि बहुतेक जोडप्यांत पत्नी वयाने लहान असते. त्यामुळे शेवटची काही वर्षे त्या घरात एकटीने काढण्याची वेळ बहुधा पत्नीवर येते.

घर मात्र निवडले जाते ते दोघांच्या साठीतल्या उमेदीवर. म्हणून कोणतेही घर पसंत करण्याआधी एकच प्रश्न विचारावा : पंचाहत्तरीनंतर, गाडी न चालवता, एकट्या माणसाला इथे राहता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते घर वाईट ठरत नाही. पण ते काही वर्षांपुरते आहे, हे धरूनच पैशांची आखणी करावी लागते.

कोकण आणि गाव : अडचण कुठे येते?

सुट्टीत चार दिवस पाहिलेले कोकण आणि बारा महिन्यांचे कोकण यांत फरक आहे. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर रत्नागिरीत तीन हजारांहून अधिक. कौले शाकारणे, ओल, शेवाळलेल्या पायऱ्या आणि वीज जाणे हे तिथे दर पावसाळ्याचे काम आहे. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या किनारी भागात कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात होती. जुलै २०२१ मध्ये चिपळूण शहर पाण्याखाली गेले. म्हणून घर पाहायला जायचे ते जुलैत, डिसेंबरात नव्हे. पुराचे पाणी कुठवर आले होते, हे शेजाऱ्यांना विचारले की लगेच कळते.

वडिलोपार्जित घरात राहायला जाणार असाल तर मालकी तपासणे महत्त्वाचे. अशी घरे बहुतेक वेळा चुलत्यांच्या, चुलत भावंडांच्या सामायिक नावावर असतात. वाटणी न करता दुरुस्तीवर दहा-पंधरा लाख घातले, तर त्या खर्चाला कागदोपत्री आधार राहत नाही. राहती खोली कोणाची, यावरून पुढच्या पिढीत वाद होतात ते वेगळेच.

नवी जमीन घ्यायची असेल तर आणखी एक अट आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन साधारणपणे विकत घेता येत नाही. कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा, १९४८ मध्ये ही तरतूद आहे. ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून जाहिरात होणारी जमीन प्रत्यक्षात शेतजमीन आहे की अकृषिक, तिचा सातबारा स्वतंत्र आहे की सामायिक आणि जाण्यायेण्याचा रस्ता कागदावर आहे का, हे वकिलाकडून पाहून घेतल्याशिवाय इसार देऊ नये.

दवाखाना किती अंतरावर असावा?

अंतर किलोमीटरमध्ये न मोजता वेळेत मोजावे. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास मोलाचा असतो. मेंदूत गुठळी होऊन पक्षाघात झाल्यास ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन होणे आवश्यक असते. म्हणजे नुसता दवाखाना जवळ असून भागत नाही. स्कॅनची सोय, अतिदक्षता विभाग आणि रात्री हजर असणारा डॉक्टर लागतो.

पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर या शहरांत ही सोय आहे. सिंधुदुर्गातले अनेक रुग्ण आजही गंभीर उपचारांसाठी गोव्यातील बांबोळीला जातात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर आहे, पण घाटरस्त्यावर किंवा वाडीतल्या पायवाटेवर तिला लागणारा वेळ वेगळा असतो. घर पक्के करण्याआधी तिथून मोठ्या रुग्णालयापर्यंत एकदा संध्याकाळच्या गर्दीत आणि एकदा पावसात जाऊन पाहावे.

रोजच्या गरजांसाठीही हाच नियम लावता येतो. वाणी, औषधाचे दुकान, बँक, वाचनालय आणि बसथांबा चालत गाठता येत असेल, तर गाडी सुटल्यावरही माणूस घरात अडकत नाही. एसटीत ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आणि ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आहे. थांबा चालण्याच्या टप्प्यात असेल तरच या सवलतीचा उपयोग होतो.

इमारतीत काय पाहायचे?

पुण्या-नाशिकच्या जुन्या, चांगल्या वस्तीत लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती बऱ्याच आहेत. तिथले फ्लॅट तुलनेने स्वस्त मिळतात. पण गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर तिसरा मजला म्हणजे नजरकैद ठरते. लिफ्ट असली तरी तिला जनरेटरची जोड आहे का आणि तिच्यात स्ट्रेचर किंवा निदान व्हीलचेअर मावते का, हे पाहावे. अनेक इमारतींत लिफ्टपर्यंत पोहोचायलाच चार-पाच पायऱ्या चढाव्या लागतात.

घरात सर्वांत धोक्याची जागा म्हणजे न्हाणीघर. घसरणारी फरशी, उंच उंबरा आणि अरुंद दार या तिन्ही गोष्टी आधीच पाहता येतात. ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पांकरिता महारेराने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. दारांची रुंदी किमान ९०० मिलिमीटर, व्हीलचेअरला अडथळा न होणारी रचना, लिफ्टमध्ये दृश्य आणि आवाजी सूचना अशा बाबी त्यात आहेत. साधा फ्लॅट घेतानाही मोजपट्टी घेऊन हे निकष लावून पाहायला हरकत नाही.

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीपेक्षा भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले घर या वयात सोयीचे. त्यावर जीएसटी लागत नाही, तर बांधकामाधीन घरावर परवडणाऱ्या श्रेणीत १ टक्का आणि इतर घरांवर ५ टक्के लागतो. शिवाय ताबा लांबला तर निवृत्तीची उमेदीची वर्षेच वाया जातात.

आधी भाड्याने राहण्याचा फायदा काय?

समजा डोंबिवलीतल्या जोडप्याला नाशिकला जायचे आहे. जुना फ्लॅट न विकता त्यांनी तो ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिला आणि त्या भाड्यातून नाशिकला घर भाड्याने घेतले, तर खिशाला फारशी झळ न बसता एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहून होतो. शेजार कसा आहे, मराठी नाटक किंवा गाण्याचा कार्यक्रम किती वेळा होतो, संध्याकाळी चार माणसे भेटतात की नाही, हे विकत घेण्याआधी कळते. करमत नसेल तर परत येता येते. दोन्ही करार लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे.

चुकीच्या खरेदीची किंमत मात्र मोठी असते. पुणे महापालिका हद्दीत ६० लाखांच्या फ्लॅटवर ७ टक्के दराने ४ लाख २० हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि ३० हजार रुपये नोंदणी शुल्क भरावे लागते. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास शुल्कात एक टक्का सवलत, म्हणजे ६० हजारांची बचत होते. दलाली, रंगकाम, फर्निचर हे वेगळे. दोन वर्षांत घर बदलायचे ठरले तर हा खर्च परत मिळत नाही.

जुने घर विकल्यावर कर किती?

वरच्या जोडप्याने फ्लॅट २००३-०४ मध्ये ८ लाखांना घेतला आणि २०२५-२६ मध्ये ९५ लाखांना विकला, असे धरू. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला दोन पद्धतींपैकी कमी कर येणारी पद्धत लागू होते.

पहिल्या पद्धतीत महागाई निर्देशांक धरला जात नाही. नफा ८७ लाख आणि त्यावर १२.५ टक्के, म्हणजे सुमारे १० लाख ८८ हजार रुपये कर. दुसऱ्या पद्धतीत खरेदीची किंमत निर्देशांकाने वाढते. १०९ वरून ३७६ झालेल्या निर्देशांकाने ८ लाखांचे सुमारे २७ लाख ६० हजार होतात. नफा ६७ लाख ४० हजार आणि त्यावर २० टक्के, म्हणजे सुमारे १३ लाख ४८ हजार. इथे पहिली पद्धत फायद्याची. दोन्हींत उपकर वेगळा.

हा कर वाचवण्यासाठी नफ्याची रक्कम दुसऱ्या घरात गुंतवता येते. नवे घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावे लागते आणि बांधायचे असल्यास तीन वर्षांत. ६० लाखांचे घर घेतले तर ८७ पैकी २७ लाख नफा करपात्र उरतो. तो सहा महिन्यांत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या भांडवली नफा रोख्यांत गुंतवला, तर त्यावरही कर लागत नाही. या रोख्यांत जास्तीत जास्त ५० लाख टाकता येतात आणि पैसे पाच वर्षे अडकतात. घर शोधायला वेळ लागणार असेल तर रक्कम विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. मात्र नवे घर तीन वर्षांच्या आत विकले तर सवलत हातची जाते. आधी भाड्याने राहून खात्री करण्याचे हे आणखी एक कारण.

ज्येष्ठांसाठीच्या वसाहती कशा निवडाव्यात?

पुण्यातील ‘अथश्री’सारख्या प्रकल्पांमुळे हा पर्याय मराठी मध्यमवर्गाला परिचित आहे. समवयस्कांची सोबत, एकत्र भोजनगृह आणि आपत्कालीन घंटा या त्याच्या जमेच्या बाजू. पण करारात तीन गोष्टी वाचाव्यात. पहिली, घर मालकीचे मिळते की केवळ राहण्याचा हक्क आणि तो सोडताना अनामत किती परत मिळते. दुसरी, मासिक शुल्क कोण आणि कसे वाढवते. आज ३० हजार असलेले शुल्क दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढले तर दहा वर्षांत जवळपास दुप्पट होते, आणि निवृत्तिवेतन नसलेल्याला ते पेलणे कठीण. तिसरी, अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या रहिवाशाला तिथे राहू दिले जाते की घरच्यांना घेऊन जायला सांगितले जाते. नेमकी जेव्हा गरज असते तेव्हाच ही सोय संपत असेल, तर ती वसाहत केवळ उमेदीच्या वर्षांसाठी आहे.

घर कोणाच्या नावावर असावे?

नवे घर दोघांच्या नावावर घेणे ही पहिली पायरी आहे, पण पुरेशी नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या वाट्याच्या मालमत्तेत पत्नीबरोबर मुले आणि हयात असल्यास आई यांनाही समान हिस्सा मिळतो. अशा वेळी पंचाहत्तरीतल्या विधवेला घर विकून लेकीच्या शहरात जायचे असेल, तर परदेशातल्या मुलाच्या सह्यांसाठी खोळंबावे लागते. सोसायटीत नामनिर्देशन केले म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही. दोघांनी एकमेकांच्या नावे मृत्युपत्र करून ठेवले तर अडचण टळते. त्याला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

हयातीतच घर मुलांना बक्षीसपत्राने देण्याचा आग्रह कधी कधी होतो. तसे करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. ती पाळली नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार न्यायाधिकरणाकडे दाद मागून बक्षीसपत्र रद्द करून घेता येते.

मग निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा?

आधी माणसे, मग दवाखाना, मग इमारत आणि सर्वांत शेवटी निसर्ग, असा क्रम ज्येष्ठांच्या हिताचा ठरतो. ज्या गावात हाक मारली तर धावून येणारी दोन घरे आहेत, तिथला लहान फ्लॅट अनोळखी ठिकाणच्या बंगल्यापेक्षा जास्त साथ देतो. कोकणातल्या घराची हौस असेल तर ती जरूर पुरवावी. मात्र त्यासाठी शहरातले एकमेव घर विकू नये, किंवा परत येण्याइतकी रक्कम बाजूला ठेवावी. आणि घर पाहायला जाताना, पुढे त्यात एकटे राहण्याची वेळ ज्याच्यावर येण्याची शक्यता अधिक आहे, त्याच्या मताला जास्त वजन द्यावे. बहुतेक घरांत ते मत आजही शेवटी विचारले जाते.