हिरवळीचे यंत्र निवडताना

मांडव्यापासून सासवणे, आवास, किहीमपर्यंतच्या बंगल्यांच्या हिरवळीचा जिम्मा दरमहा ठराविक मोबदल्यावर एकट्याने पत्करू इच्छिणाऱ्याने, १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंगने ज्याचे पेटंट घेतले त्या गवत कापण्याच्या यंत्राचे आजचे अवतार पारखताना, अश्वशक्तीच्या आकड्याआधी येथील खाऱ्या हवेचा विचार करावा. कारण पोलादी कवचाला आतून चिकटलेले ओले गवत रोजच्या रोज खरवडून काढले नाही तर त्याखाली गंज चढतो, आणि म्हणूनच अॅल्युमिनियमचे कवच महाग असले तरी आमच्या मते तेच रास्त. पात्याची रुंदी १८ ते २१ इंच पुरे. याहून रुंद यंत्र नारळाच्या आळ्यांमधून वळवणे जिकिरीचे आणि टेंपोत एकट्याने चढवणे त्याहून कठीण. इंजिन फोर-स्ट्रोक पेट्रोलचे असावे. विजेच्या वायरीवर चालणारे यंत्र ओल्या गवतात धोक्याचे. पावसाळ्यात गवत गुडघाभर माजल्यावर आधी ब्रशकटर चालवावा, आणि एरवी एका खेपेस गवताच्या उंचीचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग छाटू नये. पाती व सुटे भाग अलिबागला किंवा पेणला मिळतात काय, याची खातरजमा पैसे मोजण्यापूर्वी अवश्य करावी.