काळ्या जमिनीतील खनिजे आणि चोपण होण्याचा धोका

आपली माती खडकाची झीज होऊन तयार झाली आहे. तेव्हा जमीन पाण्याला आणि खताला कसा प्रतिसाद देईल, हे मुळात कोणत्या खनिजांपासून ती बनली यावर बरेचसे अवलंबून असते.

भूकवचाच्या वजनात सुमारे ४६ टक्के ऑक्सिजन, २८ टक्के सिलिकॉन आणि ८ टक्के अॅल्युमिनियम आहे. त्यांच्याशी लोह, कॅल्शियम, सोडियम, पालाश, मॅग्नेशियम यांचा संयोग होऊन बहुतेक खनिजे बनतात. त्यांत फेल्स्पार सर्वांत जास्त. निम्म्याहून अधिक कवच त्याचेच आहे. त्याखालोखाल क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. गारगोटी सहसा झिजत नाही, वाळूच्या रूपाने जमिनीत पडून राहते आणि पिकाला काही देत नाही. फेल्स्पार मात्र कुजते व त्याची चिकणमाती होते. नत्राला या खनिजांत जवळजवळ स्थान नाही, म्हणून शेणखत व हिरवळीचे खत यांना पर्याय नाही.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाने व्यापला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचे हे थर होत. या पाषाणात गारगोटी जवळजवळ नसते. कॅल्शियमयुक्त फेल्स्पार आणि ऑजाइट ही लवकर झिजणारी खनिजे असतात. कोकणातील मुसळधार पावसाने त्यांतील सिलिका व क्षार धुऊन गेले. मागे केओलिनाइट व लोह-अॅल्युमिनियमची ऑक्साइडे उरली, तोच जांभा. तेथे दिलेले स्फुरद लोह व अॅल्युमिनियम अडकवून ठेवतात. घाटमाथ्याच्या पूर्वेला पाऊस कमी, त्यामुळे क्षार जागीच राहिले आणि मॉन्टमोरिलोनाइट तयार झाले.

या खनिजाची रचना पुस्तकाच्या पानांसारखी असते. पानांमध्ये पाणी शिरले की ते फुगते, सुकले की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. पानांवर ऋणभार असल्याने कॅल्शियम, पालाश, अमोनियम त्यांना चिकटून राहतात. शंभर ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइट ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट अन्नद्रव्ये धरू शकते, केओलिनाइट जेमतेम ३ ते १५. काळ्या रानाची श्रीमंती ती हीच.

पण या पानांवर कॅल्शियमच्या जागी सोडियम बसला, की तीच जमीन उलटते. ‘काळी जमीन दमदार आहे, पाणी दाबून द्या’ असा सल्ला कालव्याखाली अजून ऐकू येतो. तो घातक आहे. निचरा नसला की पाण्याची पातळी वर येते व क्षार वर चढतात. विहिरीचे पाणी सोडियमयुक्त असले तर नुकसान आणखी लवकर होते. सोडियमने पाने सुटी होतात, बारीक कण पाण्यात तरंगून छिद्रे बुजवतात. मग जमीन ओली असता चिकट व निसरडी, वाळली की दगडासारखी आणि वाफसा तर येतच नाही. यालाच आपण चोपण म्हणतो. पांढरा थर दिसणारी खारवट जमीन वेगळी. ती चांगल्या पाण्याने व निचऱ्याने धुता येते. चोपण जमिनीला त्याशिवाय जिप्सम लागते. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला हुसकावतो, पण हुसकावलेला सोडियम चरातून बाहेर गेला नाही तर खर्च वाया जातो. म्हणून आधी चर, मग जिप्सम.

घरी एक साधी परीक्षा करता येते. शेताच्या सखल भागातील वाळलेले लहान ढेकूळ काचेच्या पेल्यात, पावसाच्या पाण्यात अलगद ठेवा व काही तास हलवू नका. ढेकूळ नुसते विस्कटून तळाशी बसले आणि वरचे पाणी स्वच्छ राहिले तर ठीक. ढेकळाभोवती गढूळ, दुधाळ वलय दिसू लागले तर सोडियमचा संशय धरा. मग त्या भागाचा व चांगल्या भागाचा नमुना वेगवेगळा काढून, सोबत विहिरीचे पाणीही, माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. विनिमयक्षम सोडियम तपासून मागा. हेक्टरी किती जिप्सम टाकायचे ते त्यावरच ठरते.